अकरा वाजताचा क्लास

३ फेब्रुवारी, सोमवार

फोनशी बोलतोय, फोन लिहून घेतोय. परवा वृंदा शहराच्या दुसऱ्या टोकाहून, हेब्बाळहून आली होती, तिने ही सोय करून दिली. म्हणाली, "अण्णा, आईशी बोलणं होत नाही म्हणून तुम्ही कुकरवर ओरडायला लागलात. त्यापेक्षा ह्यात बोला." लेकीची बापाशी बोलायची ही रीत. सरी, म्हणजे बरं.

आमच्या घराण्यात कुणी मराठी लिहिली असेल असं वाटत नाही. तीनेकशे वर्षं ह्या मुलखात आहोत. माझी शाळा कन्नडात, फॅक्टरी इंग्रजीत, मराठी फक्त जेवताना आणि भांडताना. आज बोललेलं समोर अक्षरांत उमटलं तेव्हा चष्मा पुसून परत वाचलं. बरी दिसते की.

बायकोचा, सुमनचा, क्लास झाला. दसऱ्यात तिच्या मेंदूत गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. शब्द तेवढे येत नाहीत. हॉस्पिटलातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी इंग्रजीत करून पाहिलं, कन्नडात करून पाहिलं, शून्य. मग वृंदाने नेटवर शोधून रेवती काढली. राहते कोल्हापुरात, गेलेलं बोलणं परत शिकवते, तेही मराठीत. सोम, बुध, शुक्र, अकरा वाजता लॅपटॉपवर हजर. म्हणजे कोल्हापूरची बाई आठवड्यातून तीनदा आमच्या घरी बनशंकरीला येते, आणि हेब्बाळची लेक ट्रॅफिकपायी महिन्यातून दोनदा.

आज रेवतीने विचारलं, "काकू, तुमच्या शेजारी कोण बसलंय? नाव सांगा बरं." सुमनने माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि मान खाली. रेवती म्हणाली, "असू दे, नावं उशिरा येतात." मी तापलो. म्हटलं, "बाई, चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझं नाव घेतलेलं नाही. धडधाकट होती तेव्हाही ह्या प्रश्नाला नापासच झाली असती." रेवती पोट धरून हसली. सुमनही हसली, दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

"मग हाक कशी मारायच्या?"

"अहो."

"मग आपण 'अहो' आणू या काका. दोनच तर अक्षरं."

दोनच. पण मला तीच हवीत. देवाचं नाव नंतर घेतलं तरी चालेल. सकाळपासून रात्रीपर्यंत 'अहो, ऐकलंत का' म्हणून डोकं उठवणारी बाई होती ही. आता घरात मिक्सर बंद झाला की काही ऐकू येत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

'अ' येतो. 'हो' नाही. रेवती म्हणते ओठ मिटणारे आवाज आधी, ते डोळ्यांना दिसतात: मा, पा, बा. स्क्रीनजवळ तोंड आणून ती ओठ मिटते, उघडते. सुमन तिचे ओठ बघून आपले हलवते. 'मा' झालं दोनदा.

रेवती म्हणाली, पहिले काही महिने सोन्याचे, खंड पडू द्यायचा नाही. म्हणाली आणि मी लगेच राउटरच्या दिव्यांकडे पाहिलं. हिरवे होते.

गिरिजक्काने आज फाटकातूनच खुणेने विचारलं, कशी आहे? शेजारच्या घरातली, सुमनची जुनी मैत्रीण. पूर्वी दिवसातून चारदा येणं-जाणं. आता येत नाही, कारण मीच सांगितलं होतं: हिच्याशी कन्नड बोलू नका, घोटाळा होईल, फक्त मराठी. तिला मराठीचा गंध नाही. मग बिचारी काय बोलणार? पण आमच्याकडे घरच्यांचा आपसांत नियमच आहे, कन्नड चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायची. आजोबांनी पाळला, वडिलांनी पाळला, म्हणून तर अजून बोलतोय. सुमन शिकायची ती मराठीतच शिकेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

गटाराच्या कामाला आमचा रस्ता खणला आणि नेटची केबल तुटली. साडेदहाला दिवे लाल. कंपनीला फोन केला तर "चोवीस तासांत." क्लास बुडाला. सुमन केस विंचरून अकरापासून लॅपटॉपपुढे बसून होती. काळ्या पडद्यापुढे. उठ म्हटलं तरी उठेना.

दूध ॲपवर, भाजी ॲपवर, तिच्या गोळ्या ॲपवर, लाइटबिल ॲपवर. एक वायर तुटली आणि आमचं घर बेटावर. पूर्वी दूधवाल्याशी भांडता तरी यायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

"चोवीस तासांत", परत. ह्यांचे चोवीस तास ब्रह्मदेवाच्या घड्याळातले.

घरात मोबाइलला रेंज नाही. गच्चीत टाकीशेजारी दोन दांड्या येतात, गोळ्या तिथूनच मागवल्या, फोनही तिथूनच. सुमनला हाताला धरून जिने चढवले, स्टुलावर बसवली, वर छत्री धरली. रेवती दिसली, पण चित्र तुटक. ओठ मिटतात तेव्हा आवाज येत नाही, आवाज येतो तेव्हा तोंड उघडं. सुमन गोंधळली, रडली. उतरताना माझाच पाय घसरला. वृंदा फोनवर ओरडली, "अण्णा, वेडे झालात का? पडला असतात दोघं." खरंय तिचं. पण मी तरी काय करू? दात आहेत तर चणे नाहीत अशी गत.

'मा' सुद्धा आज आलं नाही. भीती वाटते. ती गप्प राहायला शिकली तर?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी गिरिजक्का फाटकाशी आली. तिची केबल मागच्या गल्लीतून येते, चालू आहे. मी छत्री घेऊन गच्चीत काय करत होतो ते तिने बुधवारी पाहिलं होतं. म्हणाली, "रायरे, आमच्याकडे या. मी तोंड उघडणार नाही." रायरे म्हणजे रावसाहेब. कन्नडातच म्हणाली, पण इतकं हळू की मला लाज वाटली.

लॅपटॉप काखेत, सुमन हाताला, अकराला पाच मिनिटं असताना तिच्या जेवणाच्या टेबलाशी. चित्र लख्ख. रेवतीने तासभर केलं: मा, पा, बा, अ, हो. सुमनचं 'मा' परत आलं. मी देवाला हात जोडले, मग गिरिजक्काच्या राउटरला. वचन पाळून ती आत स्वयंपाकघरात. पण शेवटी सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "सुमन, कॉफी कोडला?" देऊ का कॉफी.

आणि सुमन म्हणाली, "स्वल्प."

थोडी. अगदी नेहमीच्या सुरात. साखर-दूध ठरवून सांगावं तशी.

गिरिजक्का पेला हातात घेऊन दारात, डोळ्यांत पाणी. स्क्रीनवरून रेवती विचारतेय, "काय म्हणाल्या? काका, काय म्हणाल्या त्या?" मी म्हटलं, "थोडी घेईन म्हणाली. कॉफी." तर ती तिकडे कोल्हापुरात टाळ्या वाजवायला लागली.

सुमनला कळेना आम्हाला झालंय काय. कॉफी प्यायली. थोडीच घेतली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आनंद झालाय. खोटं कशाला बोलू, पोटात दुखतंयही. साबुदाण्याची पेज मी भरवली, वेण्या मी घातल्या, गच्चीवर छत्री मी धरली, आणि पहिला शब्द गिरिजक्काच्या कॉफीला. कानामागून आली आणि तिखट झाली.

वृंदाला सांगितलं तर ती रडली, मग हसली. म्हणाली, "अण्णा, तुम्ही पण विचारा ना आईला, कॉफी हवी का." विचारलं. मराठीत. नुसती मान हलवली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नेट अजून नाही. क्लास गिरिजक्काकडेच. रेवतीने सुरुवातीलाच माझी उलटतपासणी घेतली.

"काका, कन्नड बंद कुणी केलं?"

"मी."

"मी सांगितलं होतं का?"

"नाही."

"हॉस्पिटलात चाचणी म्हणून विचारलं होतं, इथे मैत्रिणीनं विचारलं. फरक पडतो. ज्या भाषेत शब्द येईल त्या भाषेत येऊ दे. गिरिजाकाकूंना बोलवा, माझ्यासमोर बसवा."

वयानं वृंदापेक्षा लहान, पण काय दरारा. मुकाट्यानं बोलावलं. मग जे चाललं ते पाहण्यासारखं होतं. रेवतीला कन्नड येत नाही, गिरिजक्काला मराठी येत नाही, मधे मी दुभाषी. रेवती मला सांगते, मी गिरिजक्काला, गिरिजक्का सुमनला. सुमन दोघींच्या तोंडाकडे बघते आणि माझ्याकडे दुर्लक्ष करते. "साकु" म्हणाली शेवटी. पुरे. सगळ्यांनाच पुरे झालं होतं.

संध्याकाळी घरात मी दोन-चार वाक्यं कन्नडात बोलून पाहिली. स्वतःच्या बायकोशी, स्वतःच्या देवघरासमोर. आजोबांचा फोटो पडला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

केबल जोडली. दिवे हिरवे. जोडणाऱ्याला कॉफी पाजली, तो घाईत होता तरी सोडला नाही. आता गिरिजक्का अकराला आमच्याकडे येते. चपला बाहेर काढते, बाकी सगळं आत आणते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

शब्दांची यादी करायची नाही असं ठरवलंय, नजर लागते. येताहेत एवढं खरं. कधी कन्नड, कधी मराठी, 'नको' तर भरपूर. एक 'थँक्यू' आलं, तेही भाजी पोचवणाऱ्या माणसाला. सगळ्या गावाला काही ना काही मिळतंय. 'अहो' नाही.

गच्चीत बसून विचार करत होतो. रेवतीला मी कमरेच्या वरच पाहिलंय. उंच की बुटकी, ठाऊक नाही. रस्त्यात समोरून आली तर ओळखेन का? आणि ह्या बाईनं माझ्या घरात आवाज परत आणलाय. माझ्या वडिलांच्या वेळी सुमनचं असं झालं असतं तर बाजेवर पडून छताकडे बघत राहिली असती, आणि आम्ही म्हणालो असतो नशीब. ही तार, हा डबा, हे हिरवे दिवे. लोक म्हणतात सवय लागली, गुलाम झालो. झालो तर झालो. मी ह्या डब्याला रोज सकाळी फडक्यानं पुसतो, गिरिजक्का हसते तरी.

१० मार्च, सोमवार

'अहो'वर आज अर्धा तास. 'अ' स्पष्ट. मग थांबते, माझ्याकडे बघते, चिडते, डाव्या हातानं टेबलावर मारते. रेवती म्हणाली, "काका, तुम्ही समोर बसून वाट बघता ना, त्याचं ओझं होतं त्यांना. क्लासच्या वेळी आत जात जा."

म्हणजे मीच आडवा येतोय. गेलो आत. दारामागे उभा राहून ऐकत होतो. रेवतीनं तिथूनच ओळखलं. "काका, दारामागे नाही. स्वयंपाकघरात."

२१ मार्च, शुक्रवार

नीट सांगतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

गिरिजक्का बहिणीकडे गेली होती. क्लासला सुमन आणि रेवती दोघीच. मी आत साराला फोडणी देत होतो. मोहरी तडतडत होती. बाहेरून आवाज आला, "माधव."

रस्त्यावर कुणी कुणाला हाक मारतंय असं वाटलं. माझं नाव हे मला कळलंच नाही. आई गेल्यापासून नुसतं 'माधव' कुणी म्हणत नाही. मी राव आहे, रायरे आहे, अण्णा आहे, काका आहे.

परत आलं. "माधव." जरा वैतागून.

गॅस बंद केला. बाहेर आलो. सुमन स्क्रीनकडे बोट दाखवत होती. नेट अडकलं होतं, रेवती तोंड उघडं ठेवून दगड झाली होती. सुमनच्या चेहऱ्यावर, इतका वेळ कुठे होतात, एवढंच. लाज नाही, हसू नाही.

"तू काय म्हणालीस?" विचारलं मी. तिनं परत बोट दाखवलं. आधी ते बघा.

राउटर बंद करून चालू केला. बटण सापडेना. रेवती परत हलायला लागली. "काय झालं काका?"

"काही नाही. नेट अडकलं होतं."

सांगितलं नाही. का नाही, माहीत नाही. माझ्याकडेच असू दे म्हटलं थोडा वेळ. गॅस बंद करेपर्यंत साराची फोडणी करपली होती. तसंच जेवलो दोघं.

२२ मार्च, शनिवार

वृंदाला न सांगून राहवलं नाही. तिनं दोनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाली, "अण्णा, आजारात माणसाचा संकोच जातो कधी कधी. डॉक्टरांना विचारू या." विचारू नकोस म्हटलं. संकोच गेला असेल, नाहीतर रेवतीच्या 'मा'वरून तो शब्द आला असेल. किंवा चाळीस वर्षं आत ठेवलेला असेल. डॉक्टर कुठला सांगणार?

दिवसभर मी घरात उगाच इकडे तिकडे. ती काही म्हणाली नाही. पाणी हवं होतं तेव्हा पेल्यावर चमचा वाजवला.

२४ मार्च, सोमवार

क्लास झाला. रेवतीनं 'अहो' घेतलं. आतून ऐकलं, 'अ' आला आणि थांबला.

मी अकराच्या आधीच स्वयंपाकघरात जाऊन बसलो होतो. मिक्सर लावला नाही, नळ सोडला नाही, फोडणी तर नाहीच. गिरिजक्काला म्हटलं आज तुम्ही जरा उशिरा या. राउटर पुसायलाही गेलो नाही.

तासभर बसलो. नेट आज इतकं सुरेख चाललं. लेकाचं एकदाही अडकलं नाही.