शेळीच्या यकृताऐवजी रक्त तपासून मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
पशुऊतक तपासणी कक्ष, भंडारा

विषय : शेळी न कापता तिची तपासणी करणेबाबत.
संदर्भ : आपल्या खिडकीवर सोमवारी मिळालेले तोंडी उत्तर.

मा. महोदया,

१. अर्जदार गोमाजी सेलोकर, वय ६८, रा. कोंढा, ता. पवनी. अर्जदाराची पत्नी निर्मलाबाई मार्चमध्ये यकृताच्या कॅन्सरने वारली. सहा वर्षांपूर्वी अर्जदाराने बाजारातून एक वापरलेला निळा ड्रम आणला. आधी त्यात कसलेसे केमिकल होते. राखेने घासल्यावर वास गेला, म्हणून त्यात पिण्याचे पाणी भरणे सुरू केले. अर्जदार दिवसभर शेतावर बोअरचे पाणी पितो. ड्रमचे पाणी दोघीच पीत, निर्मलाबाई आणि तिची शेळी. निर्मलाबाई त्या ड्रमने गेली काय, एवढेच अर्जदारास जाणून घ्यायचे होते.

२. मागच्या आठवड्यात गावातील शिबिरात आपल्या रिता मॅडमनी समजावले, की कॅन्सर करणारी काही रसायने जनावराच्या पोटात जात राहिली तर ती फोडण्यासाठी यकृत ठरावीक विकरे, म्हणजे एन्झाइम, जास्त बनवू लागते. फोडताना कधी मूळ रसायनापेक्षा वाईट तुकडे निघतात. अर्जदारास हे लगेच पटले. घरातील पंखा दुरुस्त करताना अर्जदाराचेही असेच होते.

३. म्हणून अर्जदार सोमवारी शेळी ऑटोत बसवून कार्यालयात आला. खिडकीवरील इश्वरभाऊ म्हणाले, "बकरी कायले आनली जी बाबाजी? कलेजी आना, बर्फात टाकून." अर्जदाराने विचारले, "कलेजी आनली तं बकरी कशी जगन?" ते म्हणाले, "फारमात तो कॉलमच नाही." तेवढ्यात शेळीने रांगेतील मागील बाईंचा अर्ज खाल्ला. त्याबद्दल दिलगीर आहे.

४. रिता मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, रक्तावरून यकृत दुखावले आहे काय ते कळेल, पण विकरे किती वाढली ते यकृताच्या तुकड्यातच नीट दिसेल. आणि ड्रमचे पाणी बंद केले तर काही आठवड्यांत विकरे पूर्ववत होऊन पुरावा उरणार नाही.

५. अर्जदाराने घरी जाऊन त्याच दिवशी ड्रम उलटा केला. दवाखान्यातून निर्मलाबाई फोनवर आधी शेळीचे विचारायची, मग अर्जदाराचे. आता यकृताचे राहू द्यावे. रक्त घेऊन शेळी बरी आहे काय, तेवढे सांगावे.

बोलावाल त्या दिवशी शेळीसह हजर राहणारा,
गोमाजी सेलोकर
दि. १४ ऑगस्ट २०२४

सोबत : शेळीचा फोटो. शेजारी निर्मलाबाई आहे. एकच असल्याने परत मिळावा.