सुक्रेच्या तीन रात्री खोडणाऱ्यास

मी, सेवेरिनो कोल्के विल्का, वय एकोणपन्नास, मूळ राहणार उयुनी, हल्ली मुक्काम सुक्रे, धंदा पाहुण्यांच्या सहली आखून देणे, कोपाकबानाच्या मातेला स्मरून हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, रक्त नाही. डॉक्टर म्हणतात, सारा जन्म उंचावर काढल्याने ते काकवीसारखे दाट झाले आहे; वर राहिलो तर वर्ष निघणार नाही, खाली राहिलो तरी खात्री नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. रागाने लिहितो आहे हे मान्य करतो; पण राग म्हणजे भ्रम नव्हे.

१. गावचे मातीचे घर आणि लोकरीची सोळा लामा जनावरे थोरला भाऊ दमासो याला. त्याने मला आयुष्यात कधी सरळ उत्तर दिले नाही, पण लामांशी तो बरा वागतो.

२. सुक्रेतील सर्व सामान पत्नी होविता हिला. माझ्यामागे तिने वर्षभर काळे कपडे घालू नयेत. तिला ऊन सोसत नाही.

३. सहलींच्या सात वह्या मुलगी नेल्मा हिला. आमचा देश जिन्यासारखा आहे. सांताक्रूझ चारशे मीटरवर, सामाइपाता सोळाशे, सुक्रे अठ्ठावीसशे, मग उयुनीचे मिठाचे मैदान, आणि सगळ्यात शेवटी वरची रंगीत सरोवरे. या क्रमाने नेलेला माणूस हसत परत येतो. ही अक्कल मला उपजत नव्हती. वरच जन्मलेल्याला उंचीचा त्रास काय असतो हेच कळत नाही. पहिली दोन वर्षे मी पाहुण्यांना थेट वर चढवले आणि ते ओकू लागले की मनात हसायचो. त्याची कबुली मी पाद्रींपुढे दिली आहे. वह्यांत जिथे नुसते ‘विश्रांती’ लिहिले आहे ते पान नेल्माने फाडू नये, कोणाला फाडू देऊ नये.

४. माझा भागीदार फ्रोइलान तितो. नेल्माचा धर्मपिता, म्हणून आम्ही एकमेकांना कोम्पाद्रे म्हणतो.

गेल्या जूनमध्ये सांताक्रूझच्या निवृत्त शिक्षिका दोन्या अंपारो आणि त्यांची बहीण दोन्या लेतिसिया यांची सहल मी आखली. बारा दिवसांची, त्यात सुक्रेच्या तीन रात्री. मग दाट झालेले रक्त काढून घ्यायला मी इस्पितळात गेलो, आणि जाताना कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या. हा गाढवपणा माझा. फ्रोइलानने सामाइपाता खोडले, सुक्रे खोडले, दोघींना विमानाने थेट वर उयुनीला आणले आणि दुसऱ्याच दिवशी सरोवरांकडे नेले. तिसऱ्या दिवशी दोन्या अंपारो गाडीतच वारल्या.

मी त्याला विचारले. म्हणाला, “कोम्पाद्रे, रिकामे दिवस बघून गिऱ्हाईक पळतं. चौकातल्या बाकावर बसायला कोण येतं इतक्या लांब?”

“डोकं फुटतंय म्हणत होत्या, तेव्हा?”

“कोकाच्या पानांचा चहा पाजला की! आणि गाडीला आशीर्वाद आपण दोघांनीच घेतला ना, देवळापुढे? फुलं, बिअर, पाद्रींचं पाणी, काही राहिलं होतं का? तरी गेल्या, म्हणजे बाईंचं आयुष्यच तेवढं.”

या वाक्याची क्षमा मी केलेली नाही. कोपाकबानाला देवळापुढे गाड्यांची रांग लागते, तिच्यात मीही वीसेक वेळा उभा राहिलो आहे. तो आशीर्वाद चाकांसाठी मागायचा असतो. माणसाला थांबू देणे हे आपले काम, ते मातेच्या गळ्यात घालणाऱ्याला मी भाविक म्हणत नाही.

चौकशीत कागदावर सही निघाली माझी. ‘वय, हृदय’ असे लिहून प्रकरण मिटले. मी गप्प बसलो, कारण नेल्माच्या लग्नात तिच्यामागे धर्मपिता म्हणून त्यानेच उभे राहायचे होते. त्या गप्प बसण्याची लाज मी कोणाच्या नावे करत नाही. ती माझ्याबरोबर येईल.

५. उयुनीच्या ऑफिसच्या दारावर ‘कोल्के’ अशी पाटी आहे. गिऱ्हाईक त्या नावावर येते, म्हणून फ्रोइलानला ती हवी आहे. त्याला आणि दोन्या लेतिसियांना मी आज इथे सुक्रेला नोटरींपुढे बोलावले आहे. दोघांसमोर हे वाचले जाईल. कलम चार खरे आहे असे म्हणून त्याने साक्षीदाराच्या जागी सही केली, तर पाटी, ऑफिस आणि जीप त्याची. त्यावर माझी एका शब्दाचीही तक्रार नाही. सही न केल्यास ऑफिस आणि जीप नेल्माची आणि नावाची पाटी खाली उतरेल.

वाचन झाले. त्यानंतरचे नोटरींच्या सांगण्यावरून लिहितो. फ्रोइलानने पेन हातात घेतले, मग म्हणाला, “कोम्पाद्रे, घरातलं घरात ठेवू. या बाईंसमोर कशाला?”

दोन्या लेतिसिया म्हणाल्या, “या बाई तेव्हा मागच्या सीटवर होत्या. अंपारोचं डोकं यांच्याच मांडीवर होतं. तुम्ही पुढे गाणी लावली होती.”

तो पेन ठेवून निघून गेला.

६. म्हणून हे वाढवतो: नेल्माने उद्याच्या पहिल्या बसने उयुनीला जाऊन पाटी उतरवावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये.

लिहून देणार: सेवेरिनो कोल्के विल्का (सही)

साक्षीदार पहिले: एलिओदोरो बाका, घरमालक (सही)

साक्षीदार दुसरे: फ्रोइलान तितो यांचे नाव खोडून, लेतिसिया सुआरेस (सही)

सुक्रे, १९ मार्च, संत योसेफाचा दिवस