बथ्यात पाकीट मारलं

८ जानेवारी १९९१, मंगळवार

पाकीट गेलं. आणि गेलं कोणाचं तर ह्यांचं! साऱ्या गावाला खिसेकापूंवर व्याख्यानं देणाऱ्या माणसाचं.

संध्याकाळी इथे रियाधला बथ्याच्या बाजारात गेलो होतो. सोमवारी आमचं परतीचं विमान. लेकीच्या, आबिदाच्या, होणाऱ्या बाळासाठी दुपटी, लोकर आणि गावात वाटायला अत्तरं घ्यायची राहिली होती. खालच्या मजल्यावरचा उदय – चिपळूणचा, इथे एका कंपनीत ड्राफ्ट्समन आहे – त्याने आपल्या गाडीतून नेलं. मी, हे, सून अफशाँ आणि तिच्या कडेवर नात झोया. वाटभर ह्यांचं चालू. पाकीट मागच्या खिशात ठेवायचं नाही. अंगावर कोणी काही सांडलं तर थांबायचं नाही, पुसायला येतो तोच चोर. नेपल्सला ह्यांच्या बोटीवरच्या भंडाऱ्याला, म्हणजे स्वयंपाक्याला, असंच लुटलं होतं म्हणे. मला तर पर्स अबायाच्या आत गळ्यात अडकवायला लावली.

आणि ज्यूसच्या दुकानासमोर एकाने ह्यांच्याच बाहीवर डाळिंबाचा रस सांडला. माफी मागत स्वतःच्या रुमालाने पुसून काढला. हे थांबले, हसले, त्याच्या पाठीवर हात ठेवून काही नाही काही नाही म्हणाले. पुढच्या दुकानात पैसे द्यायला खिशात हात घातला – खिसा रिकामा.

घरी येईपर्यंत गाडीत हे कोट गच्च आवळून बसले होते. आल्या आल्या अफशाँने डाग बसेल म्हणून कोट भिजवायला नेला. मग चहा पिताना माझ्या डोक्यात आलं, पासपोर्ट कुठे होते? म्हणाले, कोटाच्या आतल्या खिशात. दोघांचे. तिकिटं त्यातच.

अफशाँ न्हाणीघरातून कोट घेऊन आली. एकेक खिसा उलटा करून दाखवला. कशात काही नाही.

हे बराच वेळ कोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेही नेले."

९ जानेवारी, बुधवार

उदय ह्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला, तिथून वकिलातीत. पासपोर्टऐवजी एक कागद मिळेल, पण त्यावर एक्झिटचा शिक्का हवा. त्यासाठी मुलाच्या कफीलचं, म्हणजे त्याला इथे आणणाऱ्या अरब मालकाचं, पत्र. आणि कफील कुटुंबाला घेऊन ताइफच्या घरी गेलाय – लढाईच्या भीतीने. जुने पासपोर्ट असते तर विमानतळावर नुसते दाखवून निघालो असतो.

सोमवारचं विमान मिळणार नाही हे मला आजच कळून चुकलं. 

१० जानेवारी, गुरुवार

मुलाचा, मुझम्मिलचा फोन. हफ्र अल बातिनला कंपनीच्या कँपवर जनरेटर सांभाळतो. कुवेतची सरहद्द तिथून जवळ. आता त्या भागात सगळं सैन्यच आहे. सुट्टी मागितली तर नाही म्हणाले. त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, त्यामुळे तोही कुठे जाऊ शकत नाही. मला म्हणाला, अम्मी, कसंही करून चौदाला निघा. त्याला अजून पाकिटाचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. 

मग अफशाँने फोन घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हो, हो, एवढंच बोलत होती.

१४ जानेवारी, सोमवार

विमान गेलं. आमच्या दोन जागा रिकाम्या गेल्या असतील.

आबिदाला लग्नानंतर इतक्या वर्षांनी दिवस गेलेत. सासूही नाही तिला. निघताना माझा हात धरून म्हणाली होती, अम्मी, नववा महिना लागायच्या आत ये. मी म्हटलं होतं, तू काळजीच करू नकोस.

१७ जानेवारी, गुरुवार

सुरू झाली.

बीबीसीच्या हिंदी बातम्या दिवसभर चालू. विमानतळ प्रवाशांना बंद. हफ्र अल बातिनचा फोन लागत नाही. उदयने वरती येऊन आतल्या खोलीच्या खिडकीला प्लॅस्टिक लावलं, कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दाराखाली ओला टॉवेल लावायचा. गॅस आला तर. मुखवटे अफशाँ आणि झोयापुरते आहेत, कंपनीने दिलेले. आम्ही पाहुणे, आम्हाला कोण देणार? हे म्हणाले, आपल्याला काय करायचंय, आपण म्हातारी माणसं. अफशाँ उठून आत गेली.

२१ जानेवारी, सोमवार

काल क्षेपणास्त्रं पडली. भोंगा झाला, आम्ही चौघं त्या खोलीत कोंबून बसलो, मग असे आवाज की छाती आतून हलली. उदय सांगतो, ते आपल्या बाजूचे, आकाशातच पाडणारे. मला काय फरक कळणार?

सकाळी समोरच्या इमारतीतली दोन कुटुंबं जेद्द्याच्या रस्त्याला लागली. गाद्या गाडीच्या टपावर. आम्ही गच्चीच्या जिन्यातून बघत होतो. अफशाँला शहराबाहेर जायला कफीलचं पत्र लागतं, आम्हाला पासपोर्ट. झोयाने विचारलं, दादी, व्हेअर आर दे गोइंग? मी म्हटलं, फिरायला.

२४ जानेवारी, गुरुवार

हे रोज बथ्यात जायला लागलेत. चालत. सकाळी जातात, दुपारच्या, दुहरच्या नमाजनंतर परत येतात. त्याच ज्यूसच्या दुकानासमोर उभे राहतात. दुकान बंद, अर्धा बाजार बंद. विचारलं तर म्हणतात, चोराला पैशाशी मतलब, कागद तो टाकून देतो, कोणाला तरी सापडतील.

मी म्हटलं, एवढ्या दिवसांनी? लढाईत? हे मफलर गुंडाळून गेले. खोकला वाढलाय. ज्या माणसाने बोटीवर अर्धं जग बघितलं तो एका रसाच्या डागापायी असा भ्रमिष्टासारखा रस्त्यात उभा राहतो. मला रडू येतं आणि रागही येतो.

माझं तर तेवढंही नाही. एकटीने बाहेर जायची सोय नाही. हा हॉल, ही दोन खोल्यांमधली बोळकांडी, ती प्लॅस्टिक लावलेली खिडकी.

२९ जानेवारी, मंगळवार

आज भांडण. मला सारखं वाटत होतं, पासपोर्ट घरातच कुठे तरी पडले नसतील ना – न्हाणीघरात, कपड्यांच्या ढिगात. म्हटलं सगळं घर झाडून काढते. कपाटापासून सुरुवात करते. अफशाँ तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. एवढ्यात हे माझ्यावर कडाडले. म्हणाले, घर कोणाचं आहे? सुनेची कपाटं उपसणार तू? माझ्या खिशातून गेलेत, मी आणीन.

लग्नाला एवढी वर्षं झाली, माणूस असा ओरडलेला आठवत नाही. पाकीट गेल्याची लाज माझ्यावर काढतायत. 

२ फेब्रुवारी, शनिवार

मुझम्मिलचा काही पत्ता नाही. अफशाँ जेवत नाही. मीही नाही.

५ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं लिहायलाच हवं.

हे बथ्यात गेलेले असताना दिवसाउजेडी भोंगा झाला. मी, अफशाँ, झोया आत. टॉवेल लावला. पोरीला मुखवटा चढवला, ती गुदमरते, ओरडते. मी दाराकडे बघत होते. तो माणूस उघड्या रस्त्यावर उभा असणार, चोराची वाट बघत. काही पडलं नाही, भोंगा थांबला, तरी हे येईनात. शेवटी उदय त्यांना धरून घेऊन आला. पळापळीत कोणाचा तरी धक्का लागून फुटपाथवर पडले. गुडघा सोललेला, तळहातात खडी. चेहरा पांढरा. मी हळद लावली, झोपवलं.

स्वयंपाकघरात आले तर अफशाँ जमिनीवर बसलेली. माझ्यासमोर दोन पासपोर्ट धरले. तिकिटं आत तशीच.

"मीच काढले, अम्मी. कोट भिजवायला नेला तेव्हा."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते आहे. मग कळलं, आणि हात उगारला गेला माझा. तिने मान खाली घातली, बाजूला झाली नाही. तशीच बोलत राहिली. बघता बघता खिशाबाहेर काढले, बादलीमागे ठेवले, मग कपाटात झोयाच्या जुन्या कपड्यांखाली. वाटलं होतं एवढं एक विमान चुकलं की पुढचं बघू. मग लढाई लागली आणि सांगायचं तोंड राहिलं नाही.

मी विचारलं, का?

"तुम्ही गेल्यावर ह्या दाराबाहेर मला कोण नेणार होतं? झोयाला ताप आला तर? तो तिकडे मेला तर मला सांगायला कोण येणार होतं?"

उगारलेला हात मी कुठे ठेवला आठवत नाही. नंतर तिच्या डोक्यावर होता एवढं खरं.

६ फेब्रुवारी, बुधवार

पासपोर्ट माझ्याकडे आहेत. उशीच्या अभ्र्यात.

ह्यांना सांगितलं तर आज निघू. जेद्द्याहून विमानं चालू आहेत. आबिदाचे दिवस भरलेत, अजून पोचू शकते. सांगायला तोंड उघडलं की अफशाँ दिसते, मुखवट्यात घुसमटणाऱ्या पोरीला मांडीत दाबून एकटी बसलेली.

हे आज बथ्यात गेले नाहीत. गुडघा सुजलाय. मी शेक दिला. आबिदाची आठवण काढत होते. मी शेकतच राहिले.

७ फेब्रुवारी, गुरुवार

नाही सांगितलं.

९ फेब्रुवारी, शनिवार

आबिदाला मुलगी झाली. दाभोळहून जावयाने मुंबईला माझ्या भावाला कळवलं, भावाने इथे फोन लावला. पोट कापून काढावी लागली, दोघी ठीक आहेत. शेजारणी आळीपाळीने दवाखान्यात बसतायत म्हणाला.

शेजारणी!

अफशाँने शिरा केला. माझ्या वाटीत दोनदा वाढला. मी सगळा खाल्ला.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

मुझम्मिल आला! दारात उभा राहिला तर मी ओळखलं नाही. दाढी, डोळे आत, ओठ फाटलेले. कँपवरचे लोक मागे घेतायत, कंपनीने रियाधच्या गोदामावर बदली दिली. आता इथेच राहणार. झोया आधी घाबरली, मग गळ्यातून उतरेना. अफशाँ सगळ्यांसमोर त्याच्या बाहीला धरून उभी होती, सोडेचना. हे दुसरीकडे बघून खोकत राहिले.

पंधरा मिनिटं झाली तरी कोणी जेवायला वाढलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज उदयच्या हातात पासपोर्ट दिले. कसे मिळाले विचारू नकोस म्हटलं. तो मुलगा खरंच काही विचारत नाही. संध्याकाळी वरती आला, म्हणाला, चाचा, पोलीस ठाण्यातून निरोप होता, कचऱ्यात सापडले.

हे चष्मा लावून दोन्ही पासपोर्ट उलटसुलट बघत बसले. मग म्हणाले, मी म्हटलं नव्हतं? चोर कागद टाकून देतो. किती दिवसांनी ताठ बसलेले दिसले. मुझम्मिलला नेपल्सच्या भंडाऱ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. अफशाँ आणि मी भांडी घासत होतो. एकमेकींकडे बघितलं नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

उद्या जेद्द्याची बस, ताइफवरून. तिकिटं नवी झाली. दोन्ही मुखवटे झोयाच्या उशाशी. एक तिचा, एक तिच्या आईचा. मुझम्मिलला अजून नाही. निघायला इतकी तडफडत होते, आणि आज बॅग भरवत नाही.

अफशाँने ह्यांच्या कोटाला इस्त्री केली. रसाचा डाग गेलेला नाही.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार. जेद्दा

विमानतळावर बसून लिहिते आहे. मघाशी ह्यांना चेष्टेने म्हटलं, पासपोर्ट आता माझ्याकडे द्या, तुमचा काय भरवसा.

हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "पाकीट गेल्याचं कळलं तेव्हा पहिला हात छातीवर गेला, सफूरा. दोन्ही तिथेच होते. घरी येईपर्यंत मी हात काढला नव्हता."

 मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं, एवढं विचारलं.

"पोरीने खिसे उलटे करून दाखवले तेव्हा तिचं तोंड बघितलं होतं मी. आणि रोज बथ्यात उभा राहिलो नसतो तर तू घर शोधलं असतंस."

थोड्या वेळाने म्हणाले, "उदय भला मुलगा आहे. पण खोटं बोलता येत नाही त्याला." मग माझ्या हातावर हात ठेवला. "तुलाही नाही."