पेंटशॉपमधली गुलछडी

३ फेब्रुवारी

सोनलवहिनीने दुबईहून सेंटची बाटली आणली. झाकण उघडलं आणि खलास – गुलछडी! आमच्या निघोज्याच्या मळ्यातली. पहाटे आई आणि मी कळ्या खुडायचो. शाळेत गेलं तरी हातांचा वास जायचा नाही, बाकावरच्या मुली सरकून बसायच्या. दहावीपर्यंत या वासाचा नुसता राग राग केला. मळ्याच्या जागी आता गोडाऊन आहे. आणि मी बाटली नाकाला लावून बाथरूममध्ये रडतेय. चाळिसाव्या वर्षी!

४ फेब्रुवारी

तीन फवारे मारून कंपनीच्या बसमध्ये चढले. ड्रायव्हरने आधी मागे वळून पाहिलं, मग खिडकी उघडली. मागून कोणीतरी विचारलं, हार कुणासाठी चाललाय.

पेंटशॉपमध्ये, म्हणजे स्कूटरचे भाग रंगवतात त्या आमच्या विभागात, सेंट, क्रीम, केसांचं सीरम – सगळ्याला बंदी. त्यातलं सिलिकॉन रंगात गेलं की बारीक बारीक खड्डे पडतात. नव्या मुलींना हे शिकवतं कोण? मीच. तरी आतल्या कपड्यांवर मारून वरून ओव्हरऑल चढवला. सुपरवायझर रोहिदास दोनदा हुंगून गेला. घरी सत्यनारायण होता का, म्हणाला. मी हो म्हटलं. देवा, माफ कर.

६ फेब्रुवारी

आज एकच फवारा. (खोटं. दोन.)

९ फेब्रुवारी

स्कूटरच्या पॅनेलांवर खड्डे! एका शिफ्टला चाळीस पॅनेल बाद. प्लँट मॅनेजर यशवंतराव हल्ली रोज लाइनवर येतातच, आज तर प्रत्येक पॅनेलवर ओणवे होऊन बघत होते. सगळ्यांच्या बॅगा तपासल्या. मला घाम फुटला. घामाने वास आणखीच दरवळला.

१० फेब्रुवारी

बाटली कपाटात. तीनदा साबण लावला. तरी खड्डे साठ. यशवंतरावांच्या फेऱ्याही वाढल्या.

११ फेब्रुवारी

तनुजाच्या लॉकरमध्ये हातांचं क्रीम सापडलं. कंत्राटातली पोरगी, लागून महिनाच झालाय. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. रडली नाही ती, नुसती बुटांची नाडी सोडत बसली. मला डबा गेला नाही.

१२ फेब्रुवारी

बाटली घेऊन यशवंतरावांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, तनुजाला काढू नका. वास माझा आहे."

त्यांनी बाटली हुंगली. मग बाटलीला तपासणीला आणि मला घरी पाठवलं. नोकरी गेली बहुतेक.

निघोज्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "जन्मभर घासून घासून काढला त्यो वास, आन् तू बाटलीतनं परत आनला व्हय?"

१७ फेब्रुवारी

रोहिदासचा फोन. आवाज मुद्दाम गंभीर. बाटलीत सिलिकॉनचा थेंबही नाही. ते सापडलं यशवंतरावांच्या डोक्यावर! उरलेसुरले केस आडवे बसवायला त्यांनी याच महिन्यात कसलासा फवारा सुरू केलाय, आणि त्याच डोक्याने लाइनवर ओणवे. म्हणजे तपासणी जितकी कसून, खड्डे तितके जास्त. आता साहेब टोपी घालून फिरतात आणि कोणी त्यांच्या टोपीकडे बघत नाही.

तनुजाला परत घेतलं. मला लेखी ताकीद, नियम मोडला म्हणून. बरोबरच आहे.

१८ फेब्रुवारी

बाटली परत मिळाली. शिफ्ट सुटल्यावर तशीच निघोज्याला गेले, स्वयंपाकघरात आईच्या नाकाशी धरली. तिने डोळे मिटले. म्हणाली, "पहाटंचा हाय. दव पडल्याला." मी तिच्या गळ्यातच पडले.

तेवढ्यात शेगडीवर दूध करपलं. मी धावले. ती शेजारीच उभी, तिला पत्ताच नाही. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं – कोरोना झाल्यापासून तिला कसलाच वास येत नाही. पाच वर्षं!

"मग पहाटंचा म्हणालीस ते?"

"तुजं तोंड दिसत व्हतं की."