पात्यावरचा लिंबाचा डाग

बाबा, चाकू शेवटी माझ्याकडे आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आता आठवून बघावा लागतो. राग मात्र आठवावा लागत नाही, तो आहेच. तुमचे जावई गेल्या पावसाळ्यात गेले. काल मुलाने त्यांची पेटी अंगणात आणून उघडली. धोतरं, चष्म्याचं घर, आणि सगळ्यात खाली हळदीने पिवळं पडलेलं एक फडकं. फडक्यात चाकू. मुलगा हरखून म्हणाला, "बाबाचा लग्नातला चक्कू! हा देवघरात ठेवू." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बाबाचा नाई तो. माया आहे." सगळे हसले. म्हातारी दुःखाने भ्रमली, असं सुनेच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिचं काय चुकलं? हा चाकू माझा होता हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही तोंड उघडलं नाही.

तुम्हाला तो आरमोरीचा बाजार आठवत असेल. आपला चांदा जिल्हा त्या वर्षी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, आणि तुम्ही ज्याला त्याला सांगत सुटला होता की राज्य बदललं तरी बांबू तोच आहे आणि ठेकेदारही तोच. तुम्ही त्या ठेकेदाराचे जमादार. माय नव्हती, मला घरी कोणापाशी ठेवणार, म्हणून मीही तुमच्यासोबत जंगलात. बांबूच्या मोळ्यांचे दोर कापायचे, पायातले काटे काढायचे, पळसाची पानं काढायची, बांबूचे कोवळे कोंब, वास्ते, सोलून भाजीला आणायचे, ही सगळी कामं मी तुमच्या जुन्या चाकूने करायची. त्याचं पातं झिजून दातकोरण्याएवढं उरलं होतं. म्हणून आपण नवीन घ्यायला आलो होतो. चाकूवाले चाचा चटईवर माल मांडून बसले आहेत. तुम्ही उचलता तो चमकणारा, त्यात दोन पाती, एक आरी, डबा फोडायचा आकडा आणि आणखी काय काय. मी म्हणते, "बाबा, एवढं कायले? एकही पातं धड नाई, सगळे हालून राह्यले." चाचा हसतात. "बिटिया बरोबर बोलून राह्यली, जमादार. हा दिखाव्याचा माल आहे."

मग मी निवडला. एकेक उघडून, मिटून, कानाशी नेऊन. कमान अशी हवी की पातं उघडल्यावर कामात असताना बोटावर मिटू नये. पावसात ओल्या हाताने नखाने उघडता यायला हवा. एकच रुंद पातं आणि पाठीमागे दोराची गाठ सोडवायला एक टोकदार आरी, एवढं पुरे. मूठ सांबराच्या शिंगाची, खरबरीत, म्हणजे घामाने सुटणार नाही. तुम्ही म्हणालात, "तुया हातात बसते का पाह्य." बसला. चाचांनी तो माझ्या हातात दिला नाही, चटईवर ठेवला, आणि तुम्ही मला म्हणालात, "उचल. चक्कू हातातून हातात घेत नसतात, भांडण होते." मी उचलला. माझं लुगडं तुम्ही आणायचे, धान कोणत्या बांधीत लावायचं ते तुम्ही ठरवायचे, पुढे नवराही तुम्हीच ठरवला. माझ्या आयुष्यात मी स्वतः निवडलेली पहिली वस्तू हीच, आणि बाबा, बराच काळ शेवटचीही हीच.

तो मी कमरेला दोरीने बांधून वागवायची. रोज जवसाच्या तेलाचं बोट फिरवायची. बिनगंजाचं पातं नव्हतंच ते, आणि तुम्हीच मला बजावलं होतं, "आंबट लागलं का लगेच पूस. नाई तं पातं खाल्लं समज." एकदा कैरी कापून मी तो तसाच ठेवला, तर तुम्ही चार मजुरांसमोर मला असं झापलं की मी जेवले नाही. "जिनसेची किंमत नाई तं वापरू नोको!" हे तुमचे शब्द. तुमचेच.

आणि मग लग्न. सावली गावाहून वऱ्हाड बैलगाड्यांनी नदी ओलांडून आलं आणि मांडवात एकच गोंधळ. नवरदेवाच्या हातातली कट्यार येताना नदीकाठी कुठेतरी राहिली. हळद लागलेला नवरदेव हातात लोखंड नसताना कसा बसणार? बायका कुजबुजायला लागल्या, कोणीतरी विळा द्या म्हणालं, आणि व्याही तोंड फुगवून बसले. तुम्ही आत आलात. मी हळदीच्या अंगाने पाटावर बसलेली. तुम्ही मला लाडाने म्हणालात, "माय, चक्कू दे." मला वाटलं, तेवढ्या वेळापुरता. मी कमरेचा सोडून जमिनीवर ठेवला. बाबा, अंतरपाटाखालून मला नवरदेवाचा चेहरा दिसत नव्हता. माझा चाकू दिसत होता, टोकाला खुपसलेलं लिंबू दिसत होतं, आणि पात्यावरून रसाचा थेंब मुठीकडे उतरताना दिसत होता. लोक मंगलाष्टकं म्हणत होते आणि मी मनात म्हणत होते, कोणीतरी पुसा रे. ते लिंबू तुम्ही स्वतः खुपसलं होतं. कैरीसाठी मला उपाशी झोपवणाऱ्या माणसाने! वरात निघेपर्यंत ते तसंच होतं. निघताना मी तुम्हाला हळूच विचारलं, "बाबा, माया चक्कू?" तुम्ही म्हणालात, "नवरदेवाच्या हातचं लोखंड वापस मांगत नाई." झालं. तुमच्या दृष्टीने विषय संपला.

सासरी तो पेटीत गेला, शुभ वस्तू म्हणून. कोणी वापरलासुद्धा नाही. मी चुलीपाशी विळीवर हात कापत बसायची आणि भिंतीपलीकडे माझा चाकू फडक्यात गंजत होता. तुमचे जावई वाईट नव्हते, हो. पण आईची परवानगी घेतल्याशिवाय ते पेटीही उघडत नसत.

पहिलं बाळंतपण सासरीच झालं, माय नव्हती म्हणून. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड लागतं, तर सासूबाईंनी तोच काढून ठेवला. उशीखाली हात घातला आणि बोटांना ती खरबरीत मूठ लागली, तेव्हा मी रडले. लोकांना वाटलं, पोराच्या आनंदाने. पातं उघडलं तर टोकाकडे काळा डाग, खड्डा पडलेला. बारशाला तुम्ही आलात. सासूबाई चाकू परत न्यायला आल्या तेव्हा मी मूठ आवळून धरली. "हा माया आहे," मी म्हटलं, "माह्या बाबाले इचारा." सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. मी तर पाहिलंच. एक शब्द हवा होता. 'हो.' बस. तुम्ही व्याह्यांकडे बघितलं, उपरणं सारखं केलं आणि हसून म्हणालात, "लेकरू आहे अजून. देऊन टाक वो, कायले हट्ट करतं?"

मी तो जमिनीवर ठेवला. शिकवल्याप्रमाणे. त्यानंतर तुम्ही असेपर्यंत मी तुम्हाला कधी उलटून बोलले नाही. तुम्हाला वाटलं असेल पोरगी शहाणी झाली. अहो, मी बोलणंच सोडलं होतं. तुम्ही आलात की चहा ठेवायचा, धानाचं विचारायचं, पदर सावरायचा. तुम्ही समाधानाने परत जायचे, ते समाधान मला अजून टोचतं.

काल मुलगा देवघराकडे निघाला होता, त्याच्या हातातून मी चाकू ओढूनच घेतला. पातं उघडेना. रॉकेल सोडलं, उन्हात ठेवला, फडक्याने घासला. संध्याकाळी कमान सुटली. डाग गेला नाही, जाणारही नाही. पण आज सकाळी बाजारातून वास्ते आणले आणि त्यानेच सोलले. नातवंडं बघत उभी होती. छान कापतो, बाबा. मी बरोबर निवडला होता.

हे कुठे पाठवायचं नाही, वाचायला तुम्ही नाहीत आणि घरात वाचून दाखवलं तर पुन्हा हसतील. एकच कबूल करते. आज तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, "माय, चक्कू दे," तर मी तो जमिनीवर ठेवणार नाही. सरळ तुमच्या हातात देईन. होऊ दे भांडण. तुमच्याशी एकदा तोंड भरून भांडायचं राहून गेलं, आणि तेवढ्यासाठी मी अजून तुमची वाट बघते.