हौद्यातले आईचे हात

शनिवार, १७ नोव्हेंबर २००७
दुपारचे पावणेदोन

लेपाचा डबा डुप्लिकेट नव्हता, दादा! किती वेळा तेच ते? जेवताना तेच, चूळ भरताना तेच, काल वाशीवरून फोन केलास तरी तेच. "संपतनं गळ्यात मारला." नाय मारला. आणि मधे तोंड घालू नकोस. तू घालतोस म्हणूनच लिहून देतोय, कागदाला तुला मधे तोडता येणार नाही.

बाकी घरी सगळे बरे आहेत. आई मळ्यात गेलीय. तू वाशीवरून येऊन पालथा पडलायस आणि घोरतोयस, ते इथे ओट्यापर्यंत ऐकू येतंय.

संध्याकाळी उठून तू संपतकडे जाणार. त्याला सांगणार, उद्यापासून तुझा माल तू ने, माझा मी नेतो. सात वर्षं तुम्ही दोघं एका गाडीत बसून मार्केटला जाताय, आधी भाड्याच्या, आता तुझ्या. ओतूरच्या स्टँडवर चारचौघांत तू त्याला फसव्या म्हणालास. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि निघून गेला. मी तिथेच होतो. मी तुला अडवलं नाही. म्हणून हे पत्र तू घराबाहेर पडायच्या आधी तुझ्या हातात पडायला पाहिजे.

आता पहिल्यापासून.

उन्हाळ्यात पिकअप आली तेव्हा तू गावातून तीन फेऱ्या मारल्यास. लोक हौद्याला हात लावून बघत होते, फाळका खालीवर करत होते. त्याच महिन्यात माझी कथा छापून आली. तू म्हणालास, "किती पानं?" मी म्हणालो, अकरा. "बरीच हायेत की राव." आईनं अंक उलटा धरून चाळला आणि विचारलं, "तुझा फोटू न्हाई व्हय यात?" झालं. अकरा पानांचा निकाल लागला.

दसऱ्याला तू गाडी धुतलीस, झेंडूचा हार घातलास. विळे, कोयता, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर, सगळं पूजेला. मी माझा अंक मुद्दाम आत ठेवला. म्हटलं, आई मागेल. वाट बघत उंबऱ्यात बसलो. तिनं मागितला नाही. तिनं गोड्या तेलात कुंकू कालवलं, तिच्या माहेरी तळेघरला बैलगाडीला लावायचे तसं. तिकडच्या पावसानं पाण्यातलं कुंकू टिकत नाही, म्हणून तेलात. मग पदर खोचून हौद्यात चढली आणि केबिनच्या मागच्या पत्र्यावर कुंकवानं माखलेले दोन्ही हात दाबले. कितीतरी वेळ दाबून ठेवले. मला वाटलं गाडीशी काहीतरी बोलतेय. खाली उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, दादा. तुझ्या गाडीसाठी.

मी कॉलेज केलं, पुण्यात तीन वर्षं काढली, लोक मला विचारतात सध्या काय लिहितोयस. आणि मी एका पत्र्यावर जळत होतो. हसायचं तर हस.

मग चार दिवसांनी संपत तो डबा घेऊन आला. त्याचा मेव्हणा गोदीत कामाला, त्यानं बोटीवरच्या कुणाकडून मिळवलेला. काळा लेप, रबराच्या बारीक कण्या घातलेला, सोबत खरबरीत रोलर. घरच्या घरी हौद्याला लावायचा, म्हणजे मालाची कॅरेट घासून पत्रा उघडा पडत नाही, गंजत नाही. पण सोबतचा कागद इंग्रजीत. तुम्ही दोघं माझ्यासमोर उकिडवे बसलात. "वाच बाबा, लेखक." टोमणाच होता, पण मला गोड लागला. या घरात पहिल्यांदा माझं कुणी कान देऊन ऐकत होतं. मी म्हणालो पॉलिश पेपरनं पत्रा घासा, तुम्ही घासलात. म्हणालो कडांना चिकटपट्टी लावा, लावलीत. म्हणालो काठीनं तळापासून ढवळा, कण्या खाली बसतात, तर संपत दंड भरून येईपर्यंत ढवळत बसला. डब्याखाली अंथरायला तू माळ्यावरचे कागद काढलेस, त्यात माझा अंक. माझ्या नावावर काळा थेंब पडला. तुला दिसलंही नाही.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. मी जे केलं ते थेंबाच्या आधीच मनात होतं.

मागचा पत्रा राहिला होता. तिथे कुणी घासलं नव्हतं. संपत म्हणाला, "आईचं तेलकुंकू हाय की हितं. पुसाया लागंल का?"

तू म्हणालास, "काय लिवलंय रं सुदर्शन?"

मी कागद बघितला. चौथी ओळ. ती आता तुला नीट लिहून देतो, मराठीत, एकही शब्द न गाळता: "तेल, मेण किंवा ग्रीस राहिलेल्या जागी हा लेप धरत नाही. अशी जागा थिनरने दोनदा पुसून घासावी, मगच लेप लावावा."

मी म्हणालो, "तसं काय नाय लिहिलेलं."

तुझं तोंड एवढं उजळलं. "बरं झालं. आईचा हात कशाला पुसायचा." आणि रोलर घेऊन तू वरून खाली, सरळ, एकसारखा लेप मारलास. तुझा हात चांगला आहे, दादा. मला तेही सहन होत नव्हतं.

मी खरं वाचलं असतं तर तू हात पुसलेच नसतेस. तेवढा पत्रा तसाच सोडला असतास आणि ते हात जन्मभर माझ्यासमोर राहिले असते. मला ते काळ्याखाली गेलेले बघायचे होते. गेले. मी बाजूला उभा राहून बघितले. पुढे लेप सुटणार हे माहीत होतं का? होतं.

तिसऱ्याच खेपेला कॅरेट सरकून आदळली आणि कातडं सोलल्यासारखा लेप निघाला, नेमका तेवढाच. काळ्या पत्र्यावर लाल पाच बोटं, शेजारी लाल पाच बोटं. वाशीचे हमाल तुला म्हणाले, "पावणं, कुठल्या पक्षाचा प्रचार?" तू घरी येऊन आदळआपट केलीस. कडेनं पाणी शिरून बाकीचा लेपही फुगायला लागला होता.

आई मात्र हौद्यात चढून बघतच राहिली. "आलं बघ वर," म्हणाली आणि हसली. मग तू बादली आणायला गेलास तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं.

"कागदात व्हतं ना रं?"

मी सोललेल्या लेपाचा तुकडा उचलून उलटसुलट करत बसलो.

"मी न्हाई सांगायची. तुझं तू सांग."

तिला अक्षर येत नाही. माझी अकरा पानं तिला वाचता आली नाहीत, आणि मी न वाचलेली ओळ तिनं वाचली. त्या दिवसापासून ती मला त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही. भाकरी तशीच वाढते, वरचा पापुद्रा मला देते. लहानपणापासून मला तिचं काहीतरी पाहिजे होतं, जे तुझं नाही, फक्त माझं. मिळालं ते हे गुपित.

आज तू झोपल्यावर मी डब्यातला उरलेला लेप काढला. थिनर ओतूरवरून सकाळीच आणलं होतं. सुटलेलं सगळं खरवडलं, डावा हात दोनदा पुसला, घासला, पुन्हा पुसला. फडकं लाल झालं. त्यावर लेपाचा एक थर मारला, वाळला, दुसरा मारला. माझे पट्टे तुझ्याएवढे सरळ नाहीत, पण धरेल.

उजवा हात पुसायला बसलो आणि जमेना. तीनदा फडकं भिजवलं, तीनदा तसंच सुकलं. बरोबर अंगठ्यापाशी एक भेग उमटलीय, विळ्यानं कापलेल्या बोटाची. तो हात तसाच ठेवलाय. भोवतीनं चिकटपट्टी लावून लेप कडेपर्यंत आणलाय, म्हणजे आत पाणी शिरणार नाही. ठेवायचा की झाकायचा ते तू बघ. डब्यात तेवढ्यापुरता लेप आहे. इंग्रजी कागद डब्याखाली ठेवलाय, संपतला दाखव. चौथी ओळ दाखव. त्याच्या कॉलेजातल्या भाच्याकडून वाचून घ्या, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

उद्यापर्यंत माल भरू नकोस. कॅरेट ठेवलंस तर चिकटेल.

पत्र स्टेअरिंगला अडकवतोय. संपतकडे जायला तू आधी गाडीतच बसशील. अडीचची एसटी आहे, पुण्याची. तू कूस बदललीस वाटतं, घोरणं थांबलंय. माझी बोटं अजून काळी आहेत, कागदावर डाग पडलेत, तेवढं चालवून घे. आईला सांग, मी सांगितलं.

निघालो. हाक मारू नकोस.

सुदर्शन