नकाशात असलेल्या, छतात नसलेल्या तुळईबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
नवीन सभागृह बांधकाम कक्ष,
केज, जि. बीड.

अर्जदार : कु. कावेरी शिवलिंग कोरे, संगणक वर्गचालक, केज.

विषय : मंचासमोर टांगलेले दोन्ही स्पीकर उद्याच्या उद्घाटनापूर्वी, आजच, उतरवणेबाबत.

संदर्भ : आपल्या सहीने मंजूर झालेला ध्वनी व चित्र व्यवस्थेचा नकाशा.

महोदय,

वरील विषयी सविनय कळवते की,

१. सभागृहात स्पीकर, पडदा व प्रोजेक्टर कुठे बसवावेत याचा नकाशा आपल्या सांगण्यावरून मी संगणकावर काढला. त्याचा प्रोग्राम पुण्याहून सीडीवर आला. शिकवणारे कोणी आले नाही. डावीकडे वस्तूंची यादी, मधे नकाशा, उजवीकडे निवडलेल्या वस्तूचे वजन व उंची, एवढे मी चाचपडत शिकले. कोरा कागद कुठून उघडतात ते सापडले नाही. म्हणून प्रोग्रामसोबत आलेल्या नमुन्याच्या नाट्यगृहावरच काम केले. त्याच्या भिंती पुसून आपल्या काढल्या.

२. या प्रोग्राममध्ये नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. त्यांना थर म्हणतात. नमुन्याच्या छताच्या थरात फार रेघा होत्या, म्हणून मी तो बंद केला. बंद केलेला थर दिसत नाही. पुसला मात्र जात नाही. मी स्पीकर वर नेला तेव्हा तो एका जागी आपोआप चिकटला आणि शेजारी हिरवी खूण आली. वजन पेलेल, असा तिचा अर्थ. कोण पेलेल, हे मी पाहिले नाही.

३. काल तो थर उघडला. त्या जागी जाडजूड लोखंडी तुळई आहे. ती त्या नाट्यगृहाची आहे. आपल्या छतात तिथे तुळई नाही.

३. (आकडा पुन्हा पडला, क्षमा असावी.) स्पीकर टांगणारे धोंडीराम मिस्त्री यांना विचारले. त्यांनी पीओपीच्या छताला भोक पाडून आत हात घातला होता. म्हणाले, "नकाशात खूण, हाताला लोखंड. अजून काय बघायचं ताई?" ते लोखंड म्हणजे पीओपी धरणारी पातळ पट्टी आहे. एक स्पीकर उचलायला दोन गडी लागतात.

४. उद्घाटन समितीचे विठ्ठलराव यांना सांगितले. ते म्हणाले, "आवो, हार घातलाय, नारळ फुटलाय. पूजा झालेली वस्तू पाहुण्याच्या आधी खाली घ्यायची? काहून भेता उगं? तुमचा कॉम्प्युटरच हिरवं म्हनला न्हाई का?" साहेब, तो हिरवे म्हणाला हे खरे आहे. तो ज्या नाट्यगृहाबद्दल बोलत होता, तिथे स्पीकर सुरक्षितच आहे.

आपण सकाळी "लेखी द्या" म्हणालात. म्हणून हा अर्ज.

५. हे मी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून लिहीत आहे. स्वागतगीताच्या मुली नेमक्या स्पीकरखाली उभ्या आहेत, कारण नकाशात माईकची जागा मीच तिथे दाखवली. आवाजाची तपासणी चालू आहे. ढोलकीच्या प्रत्येक थापेला स्पीकरवरचा हार हलतो. डावीकडचा जास्त

६. पुढील मजकूर बाहेरच्या पायरीवर बसून लिहीत आहे. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर पांढरी पूड दिसली. पुसली. पुन्हा पडली. मी ओरडले. मुली हसल्या. मग त्यांच्या शिक्षिका सत्यभामाबाई यांनी वर पाहिले आणि हसणे थांबले. सगळ्यांना बाहेर काढून मी दाराला कुलूप घातले.

विठ्ठलराव पोलिसांना आणायला गेले आहेत. जाताना म्हणाले, "चावी द्या, न्हाईतर क्लास बंद झाला समजा." मला त्यांची भीती वाटते. दाराआड काही कोसळल्याचा आवाज होईल, याची त्याहून जास्त वाटते. आणि आवाज झालाच नाही तर मला खोटी ठरवून दार उघडतील, याची सर्वांत जास्त.

तरी स्पीकर उतरवण्याचा लेखी आदेश हा अर्ज आणणाऱ्याच्याच हाती द्यावा. तोवर मी पायरीवरून उठणार नाही.

आपली नम्र व भेदरलेली,
(सही)
कावेरी शिवलिंग कोरे

स्थळ : सभागृहाची पायरी, केज
दिनांक : ११ मार्च १९९९

सोबत :
१) नकाशा, थर बंद असताना.
२) तोच नकाशा, थर उघडा असताना.
३) खुर्चीवरील पूड, पुडीत. उघडताना पंखा बंद ठेवावा.
४) सभागृहाची चावी : जोडलेली नाही.